एकतीस नंबरचा गुडघा

पुणे
८ जानेवारी १९९६

आदरणीय नानामामा,
सविनय जयभीम.

"एवढी पीएचडी करतेस, पण सख्ख्या मामाला दोन ओळी लिहवत नाहीत," असा आईचा टोमणा पोचला, म्हणून हे पत्र. खोटं कशाला बोलू, काम आहे म्हणूनही.

गेल्या मे महिन्यात सांगवीला तुम्ही चार पाहुण्यांसमोर विचारलंत, की ही मुलगी प्रयोगशाळेत नेमकं करते काय. तेव्हा गप्प बसले, आता सांगते. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते. ती झिजली की हाडावर हाड घासतं आणि माणूस कण्हायला लागतो. एक्स-रेमध्ये हे दिसतं तोवर गादी बरीचशी संपलेली असते. पण झिजताना तिच्यातल्या प्रथिनांचा चुरा रक्तात उतरतो, आणि तो आधीच पकडता आला तर माणसाला वेळेत सावध करता येईल. त्यासाठी रक्तातली प्रथिनं जेलच्या पातळ थरातून विजेच्या जोरावर पळवायची. हलकी पुढे जातात, जड मागे राहतात. मग परदेशातून आलेलं एक द्रव्य वापरलं की ते फक्त कूर्चेच्या चुऱ्याला चिकटतं आणि तिथे काळी पट्टी उमटते. झीज जेवढी जास्त, पट्टी तेवढी गडद.

त्या द्रव्याची बाटली माझ्या करंगळीएवढी आहे. चाळीस जणांना जेमतेम पुरेल आणि दुसरी मिळायची नाही. म्हणून मला पंचेचाळिशीच्या पुढची चाळीस माणसं हवीत: वीस जणांचे गुडघे दुखणारे, वीस जणांचे न दुखणारे. दोन्ही याद्यांत दहा पुरुष, दहा बायका. जूनमध्ये फेलोशिपची समिती बसेल. दोन याद्यांच्या पट्ट्यांत फरक दिसला तर फेलोशिप पुढे चालू. नाही दिसला तर काम बंद आणि मी घरी.

फॉर्म सोबत आहेत. जनगणनेचा फॉर्म समोर ठेवून मीच बनवलेत. नळीवर फक्त नंबर असेल, नावांची वही तुमच्याकडेच राहू दे. नाव माहीत असलं की पट्टी बघताना डोळे बेइमानी करतात. तुम्ही तीस वर्षं शाळेची हजेरी घेतलीत, तुमच्याइतकं चोख काम दुसरं कोण करणार?

मामीला जयभीम.

तुमची,
मेघना


सांगवी
१७ जानेवारी १९९६

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आढळल्या. लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवीत आहे, म्हणजे प्रबंधात त्या राहणार नाहीत.

कामाची काळजी सोड. सात जणांची समिती नेमली असून अध्यक्षपद सर्वानुमते माझ्याकडे आले आहे. मतदान घ्यावे लागले नाही, कारण बैठकीस मी आणि एक सदस्य उपस्थित होतो. शिबिर रविवार दि. ४ फेब्रुवारी रोजी शाळेत होईल. उद्घाटनास डेअरीचे बापूसाहेब येतील. त्यांना बोलावले नाही तर बर्फ मिळणार नाही, आणि बर्फाशिवाय तुझे रक्त नासेल.

गुडघे दुखणाऱ्या पुरुषांची यादी तासाभरात भरली. दहा हवे होते, बासष्ट आले. दुखणाऱ्यांना फुकट गोळ्या मिळणार असे गावात कोणीतरी उठवले आहे. भवानीनगरहून साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे एक निवृत्त क्लार्क लंगडत आले आणि यादीत जागा नाही म्हटल्यावर सरळ चालत परत गेले. अशांना मी बरोबर ओळखतो. यादीत पहिला क्रमांक अर्थातच माझा आहे. माझ्या उजव्या गुडघ्याची व्यथा तुला ठाऊकच आहे. बारा वर्षे तुझी मामी रोज सायंकाळी अर्धा तास तेल चोळते, म्हणून मी उभा तरी आहे.

स्त्रियांच्या याद्याही मी स्वतः करीन. स्त्री-पुरुष समतेचा आपला जुना आग्रह तू जाणतेसच.

तुझा,
नानामामा


पुणे
७ फेब्रुवारी १९९६

आदरणीय नानामामा,
सविनय जयभीम.

शिबिर पार पडलं आणि चाळीसच्या चाळीस नळ्या थंडगार पोचल्या. त्याचं श्रेय तुम्हाला आणि दुधाच्या कॅनला. डेअरीच्या टँकरमधून कॅन उतरवला तर आमच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला, दूध मागच्या दाराने न्या. डेअरीतली माणसं तर मला विचारत होती, रक्ताला फॅट किती लागली.

बापूसाहेबांनी रक्त फिरवायच्या यंत्राला हार घातला, तिथपर्यंत ठीक होतं. पाऊण तासाच्या भाषणानंतर कुणीतरी हारासकट बटण दाबलं आणि पाकळ्या त्यांच्या जाकिटावर उडाल्या, तेव्हा मला हसू आवरेना. नंतर दिवसभर मी तुमच्या टेबलाकडे पाठ करून त्या यंत्राशी होते. टेबलावर तुम्ही काय विचारताय, कोण काय सांगतंय, यातलं काही ऐकू आलं नाही. पण तुमचं अक्षर बघून जीव थंड होतो. एक रकाना रिकामा नाही.

मामी दिवसभर चहाच्या ताटासकट धावत होती. तिच्याशी दोन शब्द बोलायचं राहून गेलं, ते मनाला लागलंय. वही चाळताना काही विशेष दिसलं तर कळवा.

तुमची,
मेघना


सांगवी
१५ फेब्रुवारी १९९६

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

विशेष दिसले. इतके विशेष की दोन रात्री झोप नाही.

वही चाळताना ध्यानात आले, की गुडघे दुखणाऱ्या दहा स्त्रियांपैकी दहाही विधवा आहेत. पहिली आपली शेजारीण तानूबाई. आणि गुडघे ठणठणीत असलेल्या दहा स्त्रियांपैकी दहाही जणींचे पती हयात आहेत. हा योगायोग म्हणायचा काय? मी तीस वर्षे गणित शिकवले आहे. दहापैकी दहा हा योगायोग नसतो.

माझा निष्कर्ष असा, की पतीच्या आधाराने स्त्रीच्या मनास स्वास्थ्य लाभते, मनाच्या स्वास्थ्याने सांध्यांस वंगण मिळते आणि गुडघा टिकतो. यास मी 'वैवाहिक आधार सिद्धांत' असे नाव दिले आहे. अकरा पानी निबंध तयार आहे. तुझ्या प्रबंधास तो परिशिष्ट म्हणून जोडावा. पुरुषांस मात्र असा आधार लाभत नसावा, कारण माझा गुडघा दुखतोच.

तुझ्या मामीस निबंध वाचून दाखवला. ती गाईंना वैरण टाकायला गेली. तिला शास्त्राची गोडी नाही.

तुझा,
नानामामा


पुणे
२ एप्रिल १९९६

आदरणीय नानामामा,
सविनय जयभीम.

निबंध मिळाला. आमच्या मार्गदर्शक मंदाकिनी मॅडमनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, या गृहस्थांचं लग्न झालंय ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, वाटलंच.

पण आता थट्टा बाजूला ठेवते, कारण माझं धाबं दणाणलंय. पट्ट्या आल्या. पुरुषांत सगळं मनासारखं: दुखणाऱ्यांपैकी नऊ जणांची पट्टी काळी, न दुखणाऱ्यांची फिकट. बायकांत मात्र सगळा विचका. दुखणाऱ्या दहा जणींची पट्टी काळी, ते बरोबर. पण 'ठणठणीत' दहा जणींपैकीही नऊ जणींची काळी. फक्त छत्तीस नंबर स्वच्छ. आणि चाळीस जणांत सगळ्यात गडद पट्टी कुणाची, तर एकतीस नंबरची, जी तुमच्या वहीत ठणठणीत आहे. बाटलीत उरलेले थेंब खर्चून मी एकतीस नंबर पुन्हा तपासला. आणखी काळा आला. आता बाटली रिकामी आहे.

मॅडम म्हणतात, एकतर तुझी चाचणी बायकांना चालत नाही, नाहीतर याद्या चुकल्यात. चाचणी चालत नसेल तर समितीपुढे जायचंच नाही. नानामामा, तीन वर्षं याच्यात घातलीत मी. नळ्यांची अदलाबदल झाली का, ते बघा. एकतीस नंबर कोण आहे, त्यांना खरंच काही होत नाही का, ते पुन्हा विचारा.

जाता जाता, दुखणाऱ्या पुरुषांत एकच पट्टी स्वच्छ निघाली ती एक नंबरची. तो कोण हे तुम्हीच पत्रात लिहून माझा नियम मोडलात, म्हणून सांगते. एका पट्टीवरून कुणाचं दुखणं खोटं ठरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. तरीपण अभिनंदन.

तुमची,
मेघना


सांगवी
९ एप्रिल १९९६

चि. मेघना हिस,
आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून खेद झाला. एक नंबरबाबत तू जे लिहिलेस, त्यावरून तुझे यंत्र नादुरुस्त आहे याविषयी माझ्या मनात आता शंका राहिलेली नाही. ते दुरुस्त करून घ्यावे.

नळ्यांची अदलाबदल झालेली नाही. माहितीत चूक असणे शक्य नाही. तू फॉर्मच्या पहिल्या ओळीत 'कुटुंबप्रमुखाचे नाव व सही' हा रकाना ठेवलास, त्यामुळे काम फार शिस्तीत झाले. बायकांना एकेक करून हाका मारीत बसावे लागले नाही. सर्व कुटुंबप्रमुखांना बाकांवर बसवले आणि त्यांच्याकडून घरच्या स्त्रीची माहिती घेतली. कोणाही प्रमुखाने "आमच्या हिचा गुडघा दुखतो" असे सांगितले नाही. तानूबाई वगैरे ज्या स्वतःच कुटुंबप्रमुख आहेत, त्यांनी आपापली माहिती दिली, आणि ती नको तितकी दिली. तानूबाई तर पंधरा मिनिटे बोलत होती.

एकतीस नंबर कोण, हे नियमाप्रमाणे सांगता येत नाही. ती व्यक्ती पूर्ण निरोगी आहे एवढे मी जबाबदारीने लिहितो. मी तिला तेहतीस वर्षे ओळखतो. पहाटे उकिडवे बसून दोन गाईंच्या धारा काढते, आडावरून पाणी आणते, दिवसभर खुरपते आणि सायंकाळी अर्धा तास जमिनीवर बसून तेल चोळते. कधी हूं की चूं नाही. अशा व्यक्तीचा गुडघा खराब म्हणणारी चाचणी कोण मान्य करील? एकतीस नंबर रद्द समज आणि पुढे चल.

तुझा,
नानामामा


पुणे
१३ एप्रिल १९९६

प्रिय मामी,
जयभीम.

हे पत्र तानूबाईंच्या पत्त्यावर पाठवतेय, त्या तुझ्या हातात देतील. साक्षरतेच्या वर्गात तू पहिली आली होतीस, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

माझ्याकडून एक मूर्खपणा झालाय. फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' असा रकाना मी ठेवला. जनगणनेत असतो, म्हणून मीही ठेवला, विचारसुद्धा केला नाही. नानामामांनी तो अगदी चोख भरला. त्यामुळे ज्या बायकांचे नवरे आहेत त्यांच्या गुडघ्यांबद्दल नवरे बोलले, आणि ज्यांचे नाहीत त्या स्वतः बोलल्या. नानामामांना यात सिद्धांत दिसला. मला माझं तोंड लपवावंसं वाटतंय.

ठणठणीत म्हणून लिहिलेल्या दहा जणी कोण ते तुला माहीत आहे, सगळ्यांना तू चहा दिलास. तू आणि तानूबाई त्यांच्याकडे जाल का? घरात दुसरं कुणी नसताना विचारा. गुडघा दुखतो का? किती वर्षं? खाली बसून उठताना कशाला धरावं लागतं का? जे सांगतील ते जसंच्या तसं लिही. शुद्धलेखन बघू नकोस, मी लाल शाई वापरत नाही.

आणि मामी, एकतीस नंबर तू आहेस ना?

तुझी,
मेघना


सांगवी
२८ एप्रिल ९६

मेघनाला मामीचा जयभीम.

माज्या अक्षराला हसू नकू. तुज्या मामांनीच वर्गात शिकवलं. शेवटच्या दिशी सायबानं मला पेन दिला, फोटू काडला. तो पेन मामांनी खिशाला लावला. हे मी तानूबाईच्या पेनानं लिवतीय.

दहा घरं फिराय सहा दिस लागलं. बाया घरात घावत न्हाईत, म्हनून आमी रानातच गेलो. तानूबाई त्यांच्यासंगं खुरपाय बसली. माज्यानं बसवंना, म्हनून मी हुब्यानंच इचारलं. सात जनींनी दुकतंय म्हनून सांगितलं. येकीनं उसाला धरून उटून दाकवलं. नकोशीला गुडग्याचं इचारलं तर ती आदी मला म्हनली, कुनी पाटवलंय तुला? मी म्हनलं, कुनी न्हाय, तुजंच इचारतीय. मग तिनं खुरपं खाली ठिवलं. मग म्हनली, धा वरसं. पायऱ्या चढवत न्हाईत म्हनून ती विहारात खालीच हात जोडती.

सरुबाईचा मालक दारात हुबा ऱ्हाऊन खोकत हुता. ती म्हनली, माजं काय दुकत न्हाय. पन हात गुडग्यावरच हुता तिचा. सारजाचं मातर खरंच काय दुकत न्हाय. तिनं बांदावरनं पळून दाकवलं.

आन दहावी मी. व्हय, येकतीस नंबर माजाच. अकरा वरसं झाली. आदी उजवा, मग डावा. धार काडून झाली की गव्हानीला धरून उटते. रुईचं पान तापवून बांदते, लुगड्याखाली दिसत न्हाय. शिबिरात तुज्या मामांनी माजं नाव पुकारलं तवा मी च्याचं ताट घिऊन त्यांच्या म्होरंच हुते. माज्याकडं बगून म्हनलं, हिला काय धाड भरलीय, आन लिवलं. मीबी बोलले न्हाय. ताटात समदे भरलेले कप हुते. मला राग आला हुता, मेघना. लई आला हुता. आता लिवतानाबी येतोय.

तू मला हुडकलंस. मग आता म्होरं काय? त्यावर औशद हाय का?

तुजी मामी
चतुराबाई


पुणे
१४ मे १९९६

आदरणीय नानामामा आणि मामी,
जयभीम.

हे पत्र दोघांना आहे. नानामामा, मोठ्याने वाचा आणि मधली वाक्यं गाळू नका.

मामी, आधी तुझं. औषध नाही. झिजलेली गादी परत येत नाही, कुठल्याही दवाखान्यात. उरलेली तेवढी वाचवता येते. उकिडवं बसायचं नाही, हंडे उचलायचे नाहीत, जमिनीवर बसून कुणाला तेल चोळायचं नाही. हे लिहिताना मला लाज वाटली. तीन वर्षं मी आजार लवकर पकडायची चाचणी करतेय आणि माझ्याच मामीला अकरा वर्षं उशिरा पकडलं. इतका उशीर, की आता साध्या एक्स-रेमध्येही दिसेल.

त्या एक्स-रेचीच गोष्ट आता. जूनच्या बैठकीआधीच तुझं पत्र घेऊन मी समितीपुढे गेले. यादी बदलली की चाचणी बरोबर ठरते, हे सगळ्यांना पटलं. मग त्यांच्यातले सर्वांत विद्वान सदस्य, ज्यांच्या भिंतीवर तीन देशांच्या पदव्या आहेत, चष्मा पुसत म्हणाले, "बायकांनी आता माहिती बदलली, ते ठीक. पण त्यांच्या नवऱ्यांकडून याची खात्री करून घेतलीत का?" नानामामा, तुम्ही सांगवीत एकटेच आहात असं मला वाटत होतं. माफ करा, तुमची शाखा पुण्यातही आहे.

शेवटी असं ठरलं, की दहाही जणींचे एक्स-रे १० जूनच्या आत आणायचे. पट्ट्यांशी जुळले तर माझं काम चालू राहील, नाहीतर बंद. बारामतीच्या एका डॉक्टरांशी बोललेय, शनिवारी १ जूनला ते सगळ्यांचे काढून देतील. कशा याल, ते तुम्हीच ठरवा. माझ्या हातात आता काही नाही.

तुमची,
मेघना


सांगवी
२० मे १९९६

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मोठ्याने वाचले. मधली काही वाक्ये अस्पष्ट होती, ती तुझ्या मामीने तानूबाईकडून वाचून घेतली.

मी मनाचा मोठा माणूस आहे. चूक फॉर्मची होती, तरी ती मी माझ्या अंगावर घेतो. ग्रामीण स्त्रीच्या वेदनेकडे समाजाचे दुर्लक्ष होते, हे मी शोधून काढले असून त्यावर अकरा पानी भाषण लिहिले आहे. सभा १ जूनलाच, दुपारी बारामतीत. विषय: 'ग्रामीण स्त्रियांचे गुडघे: एक दुर्लक्षित प्रश्न'. अध्यक्ष बापूसाहेब. 'वैवाहिक आधार सिद्धांत' तूर्त मागे घेतला आहे.

एक्स-रेची मात्र गरज नाही. खुरपणीच्या दिवसांत दहा बायका दिवसभर घराबाहेर काढणे व्यवहार्य नाही, असे सर्वांचे मत पडले. सर्वांचे म्हणजे त्यांच्या पतींचे. त्याऐवजी मी सर्व पतींना पुन्हा बाकांवर बसवून नवी माहिती घेतली. आता दहाच्या दहा जणींचे गुडघे दुखतात, असे त्यांनी एकमुखाने सांगितले. सारजाच्या पतीने तर दोन्ही गुडघे सांगितले आणि गोळ्या कधी मिळणार असे विचारले. सह्यांचा कागद सोबत जोडला आहे. तुझ्या विद्वान सदस्यांचे समाधान व्हावे.

तुझा,
नानामामा


सांगवी
४ जून ९६

मेघनाला मामीचा जयभीम.

आमी गेलो. मामा न्हाय म्हनत हुतं, समद्यांचं मालक न्हाय म्हनत हुतं. तानूबाईनं डेअरीचा टेंपो ठरवला. ती म्हनली, माजा कुटुंबपरमुक मीच, म्या परवानगी दिलीय. सकाळी मी मामांना सांगितलं, आज धार तुमी काडा, मला बारामतीला जायचंय. ते म्हनलं, मलाबी सभंला जायचंय. मी म्हनलं, मग लवकर बसा.

दवाखान्यात पोरगी नाव लिवून घेत हुती. म्हनली, सोबत कोन हाय? मी म्हनलं, दहा जनी हाय, आनकी किती पायजेत? डाक्टरनं समद्यांचं फोटू काडलं, उजेडात धरून दाकवलं. नऊ जनींची गादी झिजलीय. सरुबाईची बी. सारजाचा गुडगा धड हाय. तुज्या कागदात जसं हुतं तसंच निघालं, मामांना आलेलं तुजं पत्र आन नावांची वही मी संगं घिऊन गेले हुते, येकेक नंबर लावून बगितला. माज्या उजव्या गुडग्यात गादी ऱ्हायलीच न्हाय. डाक्टर म्हनला, तुमी हितवर चालत आला कशा? मला वाईट वाटलं, आन बरंबी वाटलं. अकरा वरसं मलाच वाटत हुतं, की मी उगंच नाटक करतीय का काय.

मग म्हनलं, आलोच हाय तर तुज्या मामांचं भाषान ऐकू. तितं गेलो तर सतरंजी बायांना आन खुर्च्या पुरुषांना. गुडग्याची सभा, आन बाया खाली. आमी मागं हुब्या ऱ्हायलो. बापूसायेब माइकवर म्हनलं, माता-भगिनींनी म्होरं येऊन खाली बसून घ्यावं. आमी हललो न्हाय. त्यांनी पुन्यांदा म्हनलं. मामा वरनं हातानं खुनवीत हुतं, बसा, बसा.

मी म्हनलं, बसतो की बापूसायेब. पन मग आमाला उटवायला कोन कोन येनार, त्यांची नावं आदी माइकवर सांगा.

 मी पाकिटातनं फोटू काडला आन ट्यूबलायटीकडं धरला. तानूबाईचा फोटू काडलाच नव्हता, तर तिनं नकोशीचा धरला. मग येकेकीनं धरला. सरुबाईनंबी. तिचा मालक दुसऱ्या वळीतच हुता. ह्या येळंला तो खोकला न्हाय.

तुजं मामा वरनं उतरलं. सवताची खुर्ची उचलून घिऊन आलं आन माज्याजवळ ठिवली.  पुन्यांदा वर गेलं आन हुब्यानं भाषान वाचलं, अकराच्या अकरा पानं, येकबी गाळलं न्हाय. मग म्होरल्या वळीतलं पुरुषबी उटलं, मामांनी सभंला आनलेलं आमचं समद्यांचं मालक त्यातच हुतं. बापूसायेब शेवटी उटलं. आमी समद्या जनी खुर्च्यांवर बसलो. सारजाबी बसली. मी म्हनलं, तुजा गुडगा तर धड हाय की. ती म्हनली, म्हनूनच बसते, ऱ्हावू दे तो धड.

फोटू तानूबाई घिऊन येतीय गुरवारच्या यष्टीनं. समितीतल्या त्या तीन देसांच्या सायबाला दाकव. त्यानं इचारलं, नवऱ्यांकडनं खातरी करून घेतली का, तर सांग, घेतली. दोन तास हुबं ऱ्हाऊन बगितलंय त्यांनी.

तुजी मामी
चतुराबाई